आत्याचा मराठी टाइपरायटर लॅपटॉपला जोडायचाय

गंगावेशकर | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

माझ्या आत्याची कोल्हापुरात शाहूपुरीत टायपिंग इन्स्टिट्यूट होती. जिन्याला वळसा घालून आत गेलं की एक लांबट खोली, दोन्ही भिंतींना लागून सोळा मशीनं. सकाळी सहाला पहिली बॅच सुरू व्हायची. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं तिच्याकडं मराठी ३०, मराठी ४० (मिनिटाला तेवढे शब्द) करून जिल्हा परिषदेत, बँकेत, कोर्टात लागली. २०१७ साली परीक्षा परिषदेनं हाताच्या मशीनवरची परीक्षा बंद केली आणि सगळं संगणकावर गेलं. एवढे संगणक घेण्याची तिची ऐपत नव्हती. क्लास बंद झाला. पंधरा मशीनं किलोच्या भावानं भंगारात गेली. सोळावं तिनं दिलं नाही. खिडकीजवळचं मराठी गोदरेज, ज्यावर ती स्वतः बसून मुलांना हात दाखवायची.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा आम्ही आधी माणसं हलवली, मग कागदपत्रं. मशीन खालीच राहिलं. पाणी उतरल्यावर गाळासकट बाहेर काढलं, धुतलं, गच्चीवर वाळवलं आणि माळ्यावर टाकलं. गेल्या आठवड्यापर्यंत ते तिथंच होतं.

आत्या आता ७१ वर्षांची आहे. तिला क्लासच्या आठवणी लिहायच्यात. मी लॅपटॉप आणून दिला, इन्स्क्रिप्ट (संगणकावरचा मराठी कळफलक) शिकवलं, इंग्रजी अक्षरं मारून मराठी कसं येतं तेही दाखवलं. पंधरा दिवस तिनं मनापासून प्रयत्न केला आणि मग लॅपटॉप झाकून ठेवला. म्हणाली, "बोटं अक्षराकडं जातात आणि तिथं दुसरंच अक्षर बसलेलं असतं." हातानं लिहायला गेली तर अंगठा आखडतो.

तर मला तिचं मशीनच लॅपटॉपला जोडायचंय. ती खटके मारेल, अक्षर स्क्रीनवर उमटेल. माझ्या दोनच अटी आहेत. मशीनला एकही भोक पाडायचं नाही, आणि रिबन लावून कागद घातला की ते पूर्वीसारखं कागदावरही टाइप करायला पाहिजे. मला डाक मारता येतो, थोडं प्रोग्रॅमिंग येतं. मशीनच्या आतलं मात्र काही कळत नाही. कोणी केलंय का हे?

---

सर्किटवाला | रविवार, रात्री १०.५५

केलंय, पण इंग्रजी पोर्टेबलवर. यासाठी अमेरिकेत तयार किटही विकत मिळतं. त्यातली कल्पना अशी: सगळ्या कळांच्या लिव्हरखाली एक लांब पट्टी बसवायची, त्यावर प्रत्येक लिव्हरसाठी एक लवचिक संपर्क. कळ दाबली की लिव्हर त्या संपर्काला टेकते. लिव्हर मशीनच्या सांगाड्याला जोडलेली असतेच, म्हणजे सांगाडा हाच ग्राउंड (सगळ्या संपर्कांची सामाईक वायर). वेगळे स्विच लागत नाहीत आणि भोकंही पाडावी लागत नाहीत. तुमची अट इथंच पूर्ण होते.

पण एक गोष्ट आधीच समजून घ्या. नेहमीच्या कीबोर्डात कळा ओळी आणि उभ्या रांगांच्या जाळीत जोडतात, त्यामुळे थोड्या पिनांत काम भागतं. इथं प्रत्येक कळेची एक बाजू त्याच एका लोखंडाला टेकलेली आहे, त्यामुळे जाळी करताच येत नाही. जितक्या कळा तितक्या वेगळ्या वायरी. लॅपटॉपला कीबोर्ड म्हणून दिसणाऱ्या, एटीमेगा३२यू४ चिपवाल्या लहान बोर्डाला १८-२० पिना असतात, त्या पुरणार नाहीत. ७४एचसी१६५ ही आयसी घ्या. एका आयसीत आठ इनपुट, आणि एकीला दुसरी अशा कितीही माळेत लावल्या तरी बोर्डाच्या तीनच पिना खर्च होतात. प्रत्येक इनपुटला १० किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर (कळ दाबलेली नसताना इनपुट वर धरून ठेवणारा) लावायला विसरू नका. आठ रेझिस्टरचं एकत्र नेटवर्क मिळतं, ते घेतलं की डाक मारायचं काम बरंच कमी होतं.

अक्षरांच्या कळा किती आहेत ते मोजून सांगा.

---

जुनी_यंत्रं | सोमवार, सकाळी ७.१५

विनंती आहे, करू नका. भारतात बनलेला पहिला टाइपरायटर गोदरेजचा, १९५५ सालचा. २००९ मध्ये त्यांनी उत्पादन थांबवलं. म्हणजे आता जी मशीनं आहेत ती तेवढीच, नवीन येणार नाहीत. त्यातही मराठी मशीनं इंग्रजीपेक्षा कमी. माझ्यासारखी माणसं भंगारवाल्यांकडून एकेक सोडवून आणतात. गेल्या वर्षी एकानं असंच जोडकाम करताना सुट्या भागांसाठी मागची पट्टी कापली, कॅरेज (कागद धरून सरकणारा भाग) कायमचं बसलं. तुमच्या आत्यांसाठी रेमिंग्टन पद्धतीच्या, म्हणजे टाइपरायटरसारख्या मांडणीच्या, कळांचे स्टिकर साध्या कीबोर्डवर लावले तर?

---

गंगावेशकर | सोमवार, सकाळी ८.०५

तुमची कळकळ समजते आणि म्हणूनच भोक न पाडण्याची अट पहिल्याच पोस्टमध्ये घातली. जे बसवू ते चार स्क्रू सोडले की निघालं पाहिजे.

स्टिकर करून पाहिले. अक्षरं जागेवर आली, पण तिचा हात त्या कळांवर चालत नाही. साध्या कीबोर्डाच्या ओळी सपाट आणि जवळजवळ, मशीनच्या पायऱ्यांसारख्या चढत्या. तिचं बोट वरच्या ओळीवर जाताना जेवढं उचललं जातं तेवढं इथं उचललं की थेट पुढच्या ओळीच्या पलीकडं पडतं. आणि ठोका. तिला खटक्याच्या तळाशी काहीतरी लागायला पाहिजे, त्याशिवाय ती पुढच्या अक्षराकडं जातच नाही.

@सर्किटवाला, मोजल्या. अक्षरांच्या ४६. शिवाय स्पेस, बॅकस्पेस, शिफ्ट आणि कॅरेज परत ढकलायचा दांडा. म्हणजे ५०.

---

सर्किटवाला | सोमवार, सकाळी ८.३०

मग सात आयसी. ५६ इनपुट, सहा शिल्लक राहतील, राहू देत. शिफ्टसाठी एकच मायक्रोस्विच बास, कारण डावी-उजवी शिफ्ट आत एकाच दांड्याला जोडलेली असते. शिफ्ट लॉकही तोच दांडा धरून ठेवतं, त्यामुळे तेही आपोआप चालेल.

---

उद्यमनगरचा_फिटर | सोमवार, दुपारी १.२०

गंगावेशकर भावा, संपर्काच्या पट्टीचं टेन्शन घेऊ नको, ते काम आपल्याकडं लागलं. स्प्रिंगसाठी फॉस्फर ब्राँझच पाहिजे, ०.२ मिलिमीटर जाडीचा पत्रा. पितळ घेतलं तर महिन्याभरात बसून जाईल, परत उठणार नाही.

आता ४६ सुटी बोटं कापून एकेक सरळ रेषेत चिकटवायची म्हटलं तर जन्म जाईल. तसं करायचं नाही. अख्खी फणी कापायची, वायरकटवर (तारेनं पत्रा कापणारं मशीन), मागं कणा ठेवून. ती फणी तशीच्या तशी ग्लास इपॉक्सीच्या पट्टीवर ठेवायची, प्रत्येक बोटाला खाली डाक मारायचा, आणि सगळं पक्कं झालं की शेवटी मागचा कणा कापून टाकायचा. बोटं सुटी झाली आणि अंतर पण हललं नाही. आम्ही पॅनेलच्या कामात असंच करतो.

फक्त लिव्हरमधलं अंतर तू व्हर्नियरनं मोजून आण. एका टोकापासून मोज, एकेक अंतर मोजून बेरीज करत बसू नको, चूक साठत जाते. आणि मशीन घेऊनच आलास तर सगळ्यात बरं. दुकान साडेआठपर्यंत उघडं असतं. मजुरीचं नंतर बघू, आमच्या वहिनी तुझ्या आत्याच्याच क्लासच्या असाव्यात असं वाटतंय, शाहूपुरी म्हणालास म्हणून.

---

निवृत्त_लघुलेखिका | सोमवार, संध्याकाळी ५.४५

छत्तीस वर्षं कोर्टात मशीनवर काढली, म्हणून चार गोष्टी सांगते.

पुरात बुडालेलं मशीन आहे तर आधी स्वच्छता. अक्षरांचे दांडे ज्या अर्धगोल सेगमेंटमध्ये बसतात त्याच्या फटींत गाळ नक्की असणार. रॉकेल आणि जुना टूथब्रश घ्या, फट फट करून घासा, प्रत्येक दांडा हातानं वर-खाली करा. सेगमेंटमध्ये तेल अजिबात घालू नका. सगळे नवशिके तिथं तेल ओततात. दोन दिवस मशीन लोण्यासारखं चालतं, मग त्या तेलावर धूळ बसते आणि दांडे वर जाऊन तिथंच अडकतात.

दुसरं, स्क्रीनसाठी टाइप करताना रिबनचा खटका स्टेन्सिलच्या खुणेवर ठेवा, पांढऱ्या ठिपक्यावर. रिबन वर उचलली जात नाही, शाई वाया जात नाही. पण मग टाइप थेट रुळावर आदळतो आणि रबर चरचरून खराब होतं. म्हणून रुळावर दोन जाड कागद कायम चढवून ठेवा. आम्ही स्टेन्सिल कापताना असंच करायचो.

तिसरं. आत्यांचा ठोका कसा आहे ते पाहा. पाच कार्बन घालून टाइप करणाऱ्यांचा हात जड असतो. क्लासवाल्यांचा हलका आणि सारखा असतो. संपर्क त्यांच्या करंगळीच्या ठोक्याला जुळवा, पहिल्या बोटाच्या नाही.

चौथी आत्ता आठवत नाही, आठवली की लिहीन.

---

कोडवाली | सोमवार, रात्री ९.१०

एक सुचवू का? ४६ संपर्कांच्या वेळा जुळवण्यापेक्षा एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक अक्षर मारताना कॅरेज एक घर पुढं सरकतं. त्यासाठी सगळ्या दांड्यांच्या मागे एक आडवी पट्टी असते, कुठलाही दांडा आला की ती ढकलली जाते. त्या पट्टीवर एक सेन्सर लावा. पट्टी हलली तेव्हाच कुठला संपर्क लागलाय ते वाचा. अर्धवट दाबलेली कळ मोजली जाणार नाही, म्हणजे कागदावर उमटेल तेच स्क्रीनवर.

---

निवृत्त_लघुलेखिका | सोमवार, रात्री ९.३५

इंग्रजी मशीनवर चालेल, मराठीवर नाही. आणि हीच माझी चौथी गोष्ट होती. मात्रा, उकार, अनुस्वार या मराठी मशीनवर अचल कळा असतात. त्या मारल्या की खूण उमटते, पण कॅरेज जागचं हलत नाही. हलून कसं चालेल, मात्रा अक्षराच्या डोक्यावरच बसायला हवी. त्या दांड्यांना मागं खाच दिलेली असते म्हणून ते त्या आडव्या पट्टीला लागतच नाहीत. तुमच्या पद्धतीनं सगळा मजकूर मात्रांवाचून येईल.

---

कोडवाली | सोमवार, रात्री ९.४०

हे अजिबात माहीत नव्हतं. धन्यवाद ताई. मग लिव्हरखालचा संपर्कच बरोबर, अचल कळेची लिव्हरही खाली जातेच.

---

गंगावेशकर | पुढचा रविवार, दुपारी १२.३०

आठवडाभराचा हिशोब देतो.

मशीन धुतलं. तीन संध्याकाळी गेल्या. सेगमेंटच्या फटींतून निघालेला गाळ वर्तमानपत्रावर टिपला, वाळल्यावर चिमूटभर नाही, चांगली वाटीभर माती झाली. आत्या शेजारी खुर्ची टाकून बसली होती. 'क्ष' चा दांडा अडकला तेव्हा तिनं न बघता सांगितलं, "डावीकडून वाकलाय तो, १९९८ पासून." खरंच तसा होता.

मग मल्टीमीटर घेऊन प्रत्येक लिव्हर आणि सांगाडा यांच्यामधला रोध मोजला. बहुतेक लिव्हर एक-दोन ओहम. पण नऊ लिव्हरी कधी दोन ओहम, कधी काही हजार, दाबताना आकडा नाचत होता. सगळ्या लिव्हरी एकाच आडव्या सळीवर फिरतात आणि त्या सळीवर पुराचा गंज होता. सळी काढायची म्हणजे सगळ्या लिव्हरी सुट्या होणार, ते धाडस केलं नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडून प्रत्येक लिव्हर शंभरेक वेळा हलवली. सहा सुधारल्या, तीन राहिल्या. त्या तिघींना सांगाड्यापर्यंत केसासारख्या बारीक तारेची पिगटेल जोडली, पुढं-मागं होताना तुटू नये म्हणून स्प्रिंगसारखी वळवून.

उद्यमनगरला मशीन घेऊन गेलो. फिटरदादांनी फणी कापून दिली, कण्यासकट. डाक मारून झाल्यावर कणा कापला तो क्षण मला फार आवडला. ४६ बोटं एका ओळीत, हलली नाहीत. टोकांना चांदीचा मुलामा दिलाय, त्यासाठी दादांनी हुपरीच्या त्यांच्या पाहुण्यांकडं पाठवलं. पैंजणांच्या लॉटबरोबर माझी फणीही बुडवून दिली. चांदी काळी पडेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, पडेल, पण लिव्हर प्रत्येक वेळी घासून जाते ना, टोक आपोआप उजळत राहील.

पट्टी मशीनच्या पुढच्या आडव्या पट्टीला दोन सी-क्लॅम्पनं धरलीय. @जुनी_यंत्रं, फोटो टाकतो, बघा, एक ओरखडाही नाही.

---

उद्यमनगरचा_फिटर | रविवार, दुपारी २.००

बोटाची उंची लावताना लिव्हर तळाला गेल्यावर बोट एक मिलिमीटर वाकलं पाहिजे. जास्त वाकवलंस तर आत्याच्या हाताला कळ जड लागेल आणि त्या लगेच ओळखतील.

---

गंगावेशकर | मंगळवार, रात्री ११.१५

अडचण आलीय आणि जरा घाबरलोय. सगळं जोडलं, लॅपटॉपवर अक्षरं येऊ लागली. आत्याला बसवलं. दोन ओळी मारल्या आणि तिनं हात काढून घेतला. म्हणाली, "मुंग्या येतायत रे." मी सांगाड्याला हात लावला तर खरंच बारीक झिणझिण्या. लॅपटॉपची पिन काढली की बंद. मशीनमध्ये करंट येतोय का? तिला परत बसवायचं धाडस होत नाही.

---

सर्किटवाला | मंगळवार, रात्री ११.३०

आत्ताच वायर काढून ठेवा आणि हे वाचा.

तुमच्या लॅपटॉपच्या चार्जरला दोनच पिना असणार. अशा चार्जरच्या आत मेन्सकडची आणि लॅपटॉपकडची बाजू यांच्यामध्ये एक लहान कपॅसिटर असतो, त्यातून अगदी थोडा प्रवाह सतत पाझरतो. अर्थिंगची पिन नसली की त्याला जायला वाट नाही, तो लॅपटॉपच्या ग्राउंडवर तरंगत राहतो. धातूच्या लॅपटॉपवर हात फिरवला तरी अशीच झिणझिणी जाणवते. तुम्ही तो ग्राउंड यूएसबीतून अख्ख्या लोखंडी मशीनला जोडलाय आणि त्या मशीनवर दोन्ही हातांची बोटं आहेत.

सहसा यानं इजा होत नाही, पण ७१ वर्षांच्या बाईंना त्यावर बसवू नका. एक उपाय म्हणजे तीन पिनांचा चार्जर आणि खरोखर अर्थिंग असलेला सॉकेट. जुन्या घरात सॉकेटला तिसरं भोक असतं आणि आत वायरच नसते, म्हणून वायरमनकडून तपासून घ्या. दुसरा उपाय मला जास्त पटतो. वायरच नको. ईएसपी३२ चा बोर्ड घ्या, तो ब्लूटूथ कीबोर्ड म्हणून लॅपटॉपशी बोलतो. मशीनला आतल्या सेलवर चालवा. लॅपटॉप आणि लोखंड यांचा संबंधच तुटला. ७४एचसी१६५ आयसी ३.३ व्होल्टवर व्यवस्थित चालतात, तुमचं बाकीचं काम तसंच राहील. सेल चार्ज करायचा तो मशीन वापरात नसताना.

---

गंगावेशकर | शुक्रवार, रात्री १०.००

ईएसपी३२ लावला. झिणझिण्या गेल्या. सॉकेटही तपासला, तिसऱ्या भोकात खरंच काही नव्हतं. ते काम वेगळं करून घेतोय, मशीन असो नसो.

एकाच कळेची दोन अक्षरं येत होती, तेही सुटलं. लिव्हर तळाला आपटून किंचित उसळते, त्यामुळे संपर्क दोनदा लागतो. आधी मी संपर्क स्थिर होईपर्यंत थांबून मग अक्षर पाठवत होतो, ते तिला उशिरा वाटायचं. आता पहिला स्पर्श झाला की लगेच पाठवतो आणि त्या कळेला पुढचे ४० मिलिसेकंद बहिरी ठेवतो. ४० शब्दांचा वेग म्हणजे मिनिटाला साधारण २०० ठोके, दोन ठोक्यांत सरासरी ३०० मिलिसेकंद. तिचा हात कितीही पळाला तरी तीच कळ ४० मिलिसेकंदांत दुसऱ्यांदा येणार नाही.

आता खरी गोची मराठीची. बोर्ड फक्त कळेची जागा पाठवतो, अक्षर कुठलं ते लॅपटॉपनं ठरवायचं. मी प्रत्येक जागेला युनिकोड (संगणकात मराठी साठवायची पद्धत) अक्षर लावलं. "कमल" बरोबर आलं. "स्थिती" लिहिलं तर गोंधळ, "निर्णय" तर वाचताच येईना.

---

अक्षरजुळणी | शुक्रवार, रात्री १०.४५

येणारच, कारण मशीन डोळ्याला दिसतं त्या क्रमानं चालतं आणि युनिकोड उच्चाराच्या क्रमानं.

पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडं आहे, म्हणून आत्या ती आधी मारतात. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवायची. "स्थिती" साठी त्यांचे ठोके असे पडतात: पहिली वेलांटी, अर्धा स, अर्धा थ, काना, त, दुसरी वेलांटी. तुमच्या प्रोग्रॅमनं वेलांटी हातात धरून थांबायचं. अर्धा स आला तरी सोडायची नाही, कारण जोडाक्षर अजून पूर्ण झालेलं नाही. थ पूर्ण झाला की त्याच्यामागं ठेवायची.

आणि थ पूर्ण कसा होतो ते बघा. मशीनवर थ, ध, श, ण अशा बऱ्याच अक्षरांची अख्खी कळ नसते. अर्धं अक्षर मारायचं आणि काना लावायचा. हा काना म्हणजे आ नव्हे, तो अक्षराचा दंड आहे. म्हणून नियम असा: हलन्तावर (अक्षर अर्धं करणारी, पाय मोडल्याची खूण) काना आला तर काना लिहायचा नाही, हलन्त पुसायचा. त्यानंतर दुसरा काना आला तर तो खरा. "शाळा" मध्ये श नंतर दोन काने पडतात, आत्यांना विचारून बघा.

रफार उलटा. तो मशीनवर अक्षर झाल्यावर डोक्यावर मारतात, युनिकोडमध्ये त्याचा र आणि हलन्त अक्षराच्या आधी. "निर्णय" मध्ये ण झाल्यावर रफार येतो, तो ण च्या अलीकडं सरकवायचा. काही जण काना-वेलांटी लावून झाल्यावर रफार मारतात, तर मध्ये स्वरचिन्ह असेल तर तेही ओलांडून मागं जायचं.

हिंदीसाठी बनवलेला तयार रेमिंग्टन कळफलक उचलला असेल तर आणखी एक राहील. "वाऱ्यावर", "दुसऱ्या" मधला अर्धचंद्रासारखा र. तो साधा र आणि हलन्त लिहिलात तर "वार्यावर" होऊन रफार डोक्यावर चढेल. त्यासाठी खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा आणि त्याला हलन्त.

हे सगळं शून्यापासून लिहू नका. कीमॅन नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात "आधी हे असेल आणि आता हे आलं तर असं करा" असे नियम लिहिता येतात. अशा फेरजुळणीसाठी ते सोयीचं पडतं.

---

गंगावेशकर | रविवार, सायंकाळी ६.३०

@अक्षरजुळणी, आत्याला विचारलं. ती म्हणाली, "शाळेला दोन काने, हे पहिल्या आठवड्यात शिकवायचे." कीमॅनमध्ये नियम लिहिले. तिनं वहीतला जुना ४० चा उतारा मारला, एकूण सात ठिकाणी चुकलं, सातही ठिकाणी चूक माझ्या नियमांची होती. पाच दुरुस्त झाल्या.

कॅरेजच्या दांड्याचं काय करायचं यावर आमची दोघांची बरीच चर्चा झाली. घंटी वाजली की ती दांडा ढकलते, हाताची सवय आहे. मी त्याला एंटर जोडलं, तर प्रत्येक ओळ हा नवा परिच्छेद झाला.

---

कोडवाली | रविवार, सायंकाळी ७.००

ही गाठ खूप जुनी आहे. एंटरचा जो मूळ कोड आहे त्याचं नावच कॅरेज रिटर्न, आस्की कोड १३. कागद एक ओळ वर सरकवायचा तो लाइन फीड, कोड १०. टेलिप्रिंटरवर ही दोन वेगळी कामं होती म्हणून दोन कोड. विंडोजच्या मजकूर फायलीत ओळीच्या शेवटी अजून दोन्ही लिहितात, लिनक्सवर फक्त १०. शिफ्टचंही तसंच, १८७८ च्या रेमिंग्टन नंबर २ वर मोठ्या अक्षरासाठी कॅरेज खरोखर जागचं हलायचं.

तुमच्यासाठी: दांडा एकदा ढकलला तर स्पेस पाठवा. लागोपाठ दोनदा ढकलला, मध्ये कुठलंही अक्षर न मारता, तर एंटर. परिच्छेद बदलताना त्या तसंही एक ओळ रिकामी सोडत असतील.

---

गंगावेशकर | रविवार, सायंकाळी ७.२०

सोडतेच. कायम सोडते! हे लगेच करतो.

---

मिरजकर | सोमवार, सकाळी ११.००

एकूण खर्च किती आला?

---

गंगावेशकर | सोमवार, दुपारी १.४०

बोर्ड, आयसी, रेझिस्टर, मायक्रोस्विच, दांड्यासाठी रीड स्विच (चुंबक जवळ आला की लागणारा) आणि चुंबक, सेल, चार्जिंगचं मॉड्यूल, सगळं मिळून दोन हजारांच्या आत. फणीचे पैसे फिटरदादांनी घेतले नाहीत, वहिनी खरंच आत्याच्या विद्यार्थिनी निघाल्या, १९९४ ची बॅच. हुपरीला मुलाम्याचे दिले.

---

जुनी_यंत्रं | सोमवार, रात्री ९.००

फोटो नीट मोठे करून पाहिले. क्लॅम्पच्या खाली रबराचे तुकडे घातलेत हे बघून बरं वाटलं. माझा विरोध मागे घेतो. माझ्याकडं एका मराठी मशीनचे सुटे भाग आहेत, सेगमेंट आणि वीसेक दांडे. वाकलेल्या 'क्ष' साठी लागला तर तो दांडा पाठवतो, पैसे नकोत.

---

गंगावेशकर | पुढचा शनिवार, सकाळी ११.५०

@जुनी_यंत्रं, मनापासून आभार. आत्याला विचारलं. ती म्हणाली राहू दे, त्या 'क्ष' ची सवय झालीय.

सोमवारपासून ती रोज सकाळी दहाला बसते. स्क्रीनकडं बघत नाही. उजवीकडं वही, नजर वहीवर, मान सरळ, मनगटं वर, जसं मुलांना शिकवायची तसं. लॅपटॉप मी पलीकडच्या खुर्चीवर ठेवतो, तिला त्याचा उजेड नको असतो. घंटी वाजते, दांडा सर्रकन जातो, परत सुरू. काल संध्याकाळपर्यंत अकरा पानं झालीत. चुकली की ती बॅकस्पेस मारून त्याच अक्षरावर दुसरं मारायची, कागदावर तसंच करतात. इथं बॅकस्पेस मागचं अक्षर पुसतं हे सांगितल्यावर तिनं मुद्दाम तीनदा करून पाहिलं. "म्हणजे खोडरबर नको," म्हणाली आणि पुढं गेली.

रात्री मी पानं छापून देतो, ती लाल पेननं तपासते. रफाराचा एक नियम अजून चुकतोय, "वर्षांनी" मध्ये अनुस्वार आणि रफार एकत्र आले की क्रम बिघडतो. @अक्षरजुळणी, आज रात्री नियम टाकतो, एकदा नजर घाला.

आणि @उद्यमनगरचा_फिटर दादा, 'य' कधी कधी उमटत नाही. करंगळीची कळ आहे, तिचा ठोका तिथं हलका पडतो. त्या बोटाची उंची किंचित वाढवावी लागेल, पण शेजारच्या दोघांना धक्का न लावता. मला ते हातानं वाकवायला भीती वाटते. गुरुवारी येताय म्हणालात ना, तर येताना फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणा. वहिनींनाही घेऊन या, आत्यानं आठवणीनं सांगितलंय.

---

उद्यमनगरचा_फिटर | शनिवार, दुपारी १२.१५

आणतो. साडेसहापर्यंत पोचतो. तोपर्यंत 'य' ला कोणी हात लावू नका.